आवड आणि परवड

(सानगडी येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या बैठकीत आपल्यापुढे एक सूचना आली होती आणि वेळ अपुरा पडल्यामुळे ती यंदावर ढकलली गेली, हे आपणांस स्मरत असेल. सूचना अशी की, शिक्षणनिधीतून चालणारी आपली पुस्तकपेढी आता बंद करावी, कपाटे कोणा वाचनालयास देऊन टाकावीत आणि त्या रकमेतून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना टॅब्लेट घेऊन द्यावेत. सूचना मांडणारे तरुण आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचा हेतू शुद्ध आहे आणि युक्तिवादही सरळ आहे. मुले आता पुस्तक वाचीत नाहीत, मोबाईलवर वाचतात. तेव्हा मुलांना जे आवडते ते आपण द्यावे, असे त्यांचे म्हणणे. आमचे सारे आयुष्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले, म्हणून ह्या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून उभे आहोत.

ग्रंथपाल म्हटला की तो पुस्तकाचीच बाजू घेणार, असे आपण मनात धरून बसला असाल, तर प्रारंभीच एक कबुली देऊन टाकतो. ज्या काळात पुस्तकाखेरीज विद्यार्थ्याला दुसरा आधार नव्हता, त्या काळात आम्ही पुस्तके कुलपात ठेवली. किल्ली आमच्या खिशात असे. क्रमिक पुस्तकाच्या प्रती दोन आणि मागणारे साठ. प्रत हरवली तर जाब आम्हांला द्यावा लागेल, ह्या धास्तीने ‘पुस्तक बाहेर गेले आहे’ असे आम्ही कित्येकदा खोटे सांगितले. खेड्यावरून सायकलीने आलेला मुलगा कपाटाच्या काचेतून पुस्तकाची पाठ पाही आणि परत जाई. कागद चांगला की पडदा चांगला, हा वाद आपण आज रंगवतो. त्या मुलाच्या वाट्याला दोहोंपैकी काहीच आले नव्हते.

म्हणूनच २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि पाठोपाठ इंटरनेट स्वस्त होऊन खेड्यापाड्यांत पोचले, तेव्हा आमच्या व्यवसायातील पुष्कळांनी कपाळास हात लावला, परंतु आम्हांला वाईट वाटले नाही. पुढे २०२० साली महामारीमुळे महाविद्यालये बंद पडली. त्या पावसाळ्यात रोवणीला गेलेल्या मुली दुपारच्या सुटीत बांधावर बसून, चिखलाचे हात पदराला पुसून, प्राध्यापकांनी पाठविलेली टिपणे मोबाईलवर वाचीत असलेल्या आम्ही ह्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. ती टिपणे छापून त्यांच्यापर्यंत कोण पोचविणार होते? नागपूर विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षादेखील त्या साली मोबाईलवर झाल्या. पडद्यावरील वाचनाची टवाळी करणाऱ्याने त्या मुलींना आधी आठवावे, मग बोलावे.

इतके मान्य करून आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुलांच्या हाती जे दिसते तेच त्यांना आवडते, असे धरून आपण निधी खर्च करावयाचा काय?

गेल्या दिवाळीच्या सुटीत गावी आलेल्या आपल्या मुलामुलींशी आम्ही मुद्दाम बोललो. कोणी नागपुरास शिकतात, कोणी भंडाऱ्यास, कोणी साकोलीहून जाऊन-येऊन करतात. हे काही शास्त्रीय सर्वेक्षण नव्हे. ओसरीवरच्या गप्पा होत्या. ‘वाचता कशावर?’ असे विचारले की एकजात उत्तर येई, ‘मोबाईलवर.’ तेवढ्यावर थांबलो असतो तर आमचेही मत सूचना मांडणाऱ्यांच्याच बाजूस पडले असते. परंतु जुनी खोड म्हणून पुढे विचारले, ‘आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात?’ मुले थोडी थबकत, एकमेकांकडे पाहत आणि मग म्हणत, ‘तेव्हा झेरॉक्स काढतो, सर.’

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने आपली पिशवीच उघडून दाखविली. राज्यशास्त्राची भलीमोठी पीडीएफ तिच्या मोबाईलमध्ये होती. पण नेमलेल्या दोन प्रकरणांची झेरॉक्स तिने काढून आणली होती, त्यावर पेन्सिलीने खुणा होत्या, समासात बारीक अक्षरात प्रश्न लिहिले होते. आम्ही म्हटले, ‘पोरी, सगळे मोबाईलमध्ये असताना पुन्हा कागदावर पैसे कशाला घातलेस?’ ती म्हणाली, ‘मोबाईलवर वाचून डोरे दुखतात जी. आणि कोणतं कुठं वाचलं तेच ध्यानात राहत नाही.’ मग पुस्तकच का नाही घेतले, ह्या प्रश्नावर ती नुसती हसली. वडिलांचे धान तेव्हा अजून विकले गेलेले नव्हते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अभियांत्रिकी शिकणारा आपला एक मुलगा म्हणाला की, त्याला पुस्तक नकोच. सूत्र हवे तेव्हा शोधता येते, आकृती मोठी करून पाहता येते, समजले नाही तर शिकविणाऱ्याचा व्हिडिओ पुन्हा लावता येतो. त्याचे निकाल उत्तम आहेत. त्याला बळेच पुस्तक देणे म्हणजे पोहणाऱ्याला डोंगा देण्यासारखे होय. परंतु तोच मुलगा जाता जाता म्हणाला, ‘मात्र गणित मी वहीतच सोडवतो.’

तात्पर्य, बंधूंनो, आवड निराळी आणि परवड निराळी. मोबाईल मुलाच्या हाती आहे, कारण तो घरात आधीच आहे आणि पीडीएफला दाम पडत नाही. ह्याला निवड म्हणत नाहीत. बाजारात एकच भाजी असली आणि ती सर्वांनी घेतली, म्हणजे ती सर्वांच्या आवडीची ठरत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्या ओसरीवरची आहे असेही नाही. जगातील विद्यापीठांतून ह्याची पुष्कळ विचारपूस झाली आहे. एक मोठी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत २१ देशांतील १०,२९३ विद्यार्थ्यांना विचारले होते आणि अभ्यासाचे, विशेषतः लांबलचक वाचन छापील असावे, असे बहुसंख्य विद्यार्थ्यांनी सांगितले. छापील मजकुरात लक्ष लागते आणि तो स्मरणात राहतो, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ नेओमी बॅरन ह्यांनी पाच देशांतील चारशेहून अधिक विद्यार्थ्यांना प्रश्न केले. त्या पाचांत आपला भारतही होता. कशावर वाचताना चित्त अधिक एकाग्र होते, ह्यास ९२ टक्के विद्यार्थ्यांनी ‘कागद’ असे उत्तर दिले. परंतु आम्हांला त्यांचा दुसरा प्रश्न अधिक मार्मिक वाटतो. दोहोंची किंमत सारखीच असती तर तुम्ही काय घेतले असते? पाचांपैकी चारांहून अधिक विद्यार्थी म्हणाले, छापील. सूचना मांडणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी मुलांना हा प्रश्न विचारला नव्हता, एवढीच आमची त्यांच्यापाशी तक्रार आहे.

आवडले म्हणजे ते हिताचेच असते असे नव्हे, हा आक्षेप येथे कोणी घेईल आणि तो रास्त आहे. गोड सर्वांनाच आवडते. म्हणून केवळ आवड न पाहता प्रत्यक्ष आकलन कोणत्या वाचनाने अधिक होते हे तपासणारेही पुष्कळ झाले. स्पेन व इस्राएल येथील संशोधकांनी २००० ते २०१७ ह्या काळातील अशी ५४ संशोधने एकत्र करून त्यांचा निष्कर्ष २०१८ साली मांडला. त्यांत एकंदर एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक येतात. निष्कर्ष कागदाच्या बाजूचा निघाला. फरक फार मोठा नाही, पण आहे. गोष्ट-कादंबरी वाचताना तो दिसत नाही. माहितीपर, म्हणजे आपल्या अभ्यासाच्या मजकुरात तो दिसतो, आणि वेळ मोजून दिलेला असला म्हणजे अधिक दिसतो. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली, जिने आम्ही स्वतः चकित झालो. नवी पिढी पडद्याला सरावेल आणि हा फरक आपोआप मिटेल, असे आपण सारे समजून होतो. त्या सतरा वर्षांत तो मिटला तर नाहीच, उलट वाढत गेला.

असे का व्हावे? विद्वानांनी अनेक कारणे दिली आहेत, ती सर्व सांगत बसत नाही. पडद्यावर माणूस भराभर वाचतो आणि समजले नसताना समजले असे मानतो, हे त्यांतील मुख्य. आमचा अनुभव त्यात थोडी भर घालतो. पुस्तकात वाचलेली गोष्ट डाव्या पानावर खालच्या अंगाला होती, शेजारी कोष्टक होते, त्या पानावर तेलाचा डाग होता, असे सारे मनात चिकटून राहते. मोबाईलवर मजकूर ओघळत जातो. त्याला डावे नाही, उजवे नाही. शिवाय मोबाईलचा पडदा वीतभर. त्यावर मोठ्या पानाची पीडीएफ उघडली म्हणजे ओळ वाचण्यासाठी बोटाने पान इकडून तिकडे ओढीत बसावे लागते. आणि त्याच पडद्यावर मामाचा लग्नाचा निरोप येतो, क्रिकेटचा धावफलक येतो. टॅब्लेटचा पडदा मोठा असतो हे खरे, म्हणून तो मोबाईलपेक्षा बरा हेही आम्ही मान्य करतो. पण निरोप आणि धावफलक त्यावरही येतातच. ह्या साऱ्यावर कडी म्हणजे परीक्षा. विद्यार्थ्याने वर्षभर बोटाने पडदा सरकवावा आणि परीक्षेच्या दिवशी मात्र हाती पेन घेऊन कागदावर तास-तास लिहावे, अशी आपली रीत आज पुन्हा रूढ आहे.

आता एवढे सांगूनही आम्ही म्हणतो की, पडद्यावरच्या ग्रंथसंग्रहाकडे पाठ फिरविणे हा करंटेपणा ठरेल. केवढा तो संग्रह! आय. आय. टी. खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्रास अर्पण झाले. ‘शोधगंगा’वर देशभरच्या विद्यापीठांतील पीएच. डी. चे प्रबंध घरबसल्या वाचावयास मिळतात. आमच्या वेळी एक प्रबंध पाहण्यासाठी नागपूरची एस. टी. धरावी लागे. मराठी विश्वकोशाचे २० खंड ज्या घरात मावणार नाहीत त्या घरातल्या मुलाला ते मोबाईलवर उघडता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० संशोधनपत्रिका. ज्याची दृष्टी अधू आहे त्याला अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ज्याला दिसत नाही त्याला यंत्र वाचून दाखविते. छापील पुस्तकाने हे कधीही साधले नसते.

परंतु आपण कोहळी. तलाव म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी ह्यांच्या नावाशी जोडला जातो, आणि ह्या मुलखात आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या लहानमोठ्या तलावांवर आजही धान पिकते. तलाव तुडुंब भरला, पाळ भक्कम आहे, पण तुडुम उघडलाच नाही आणि पाट बुजलेला आहे, तर खालच्या बांधीत पाणी येईल काय? वर उल्लेखिलेल्या संशोधनपत्रिका बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि ही योजना मुख्यतः शासकीय व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. आपली बहुतेक मुले खाजगी अनुदानित महाविद्यालयांत मराठी माध्यमातून कलाशाखेला शिकतात. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०२४-२५ पासून त्यांचा अभ्यासक्रम बदलला, म्हणून आपल्या पुस्तकपेढीतील पुष्कळ प्रती निरुपयोगी झाल्या, हेही कबूल केले पाहिजे. नव्या अभ्यासक्रमाचे पुस्तक हाती येईपर्यंत मुले कोठून तरी आलेल्या, कोणी तरी लिहिलेल्या, अशुद्धांनी भरलेल्या पीडीएफवर विसंबून राहतात. व्हॉट्सॲपवर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्या पीडीएफच्या लेखकाचे नावही गळून पडलेले असते. तिच्यातील चूक कोणाला विचारावी?

ह्याच्या उलट, जे मुलांना खरोखर लागते त्यातील पुष्कळसे पडद्यावर नाहीच. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी आपल्या झाडीबोलीवर आयुष्य वेचून काम केले. आपल्याच बोलीवर निबंध लिहावयास बसलेल्या आपल्या मुलीने आधी मोबाईलवर शोधले आणि फारसे काही मिळाले नाही म्हणून विषय बदलला. पुस्तके येथून हाकेच्या अंतरावर कोणाच्या तरी घरी फळीवर होती. आम्हांला हे कळले तेव्हा निबंध देऊन झाला होता.

येथे दिल्लीची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी नावाचे झेरॉक्सचे एक लहानसे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेली निरनिराळ्या महागड्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना स्वस्तात देई. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या मातबर प्रकाशकांनी २०१२ साली त्या दुकानावर व विद्यापीठावर दावा गुदरला. विद्यार्थी आपण होऊन त्या दाव्यात उतरले. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खंडपीठाने, अध्यापनाच्या ओघात त्या कामापुरत्या आवश्यक मजकुराच्या प्रती काढण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे, हे मान्य केले. आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी आपला दावा मागे घेतला. अख्खे पुस्तक झेरॉक्स करून विकावे असा ह्याचा अर्थ मुळीच नव्हे, हे आपल्या चौकातील दुकानदारांनी ध्यानात ठेवावे. आम्हांला त्यात लक्षणीय वाटते ते हे की, देशाच्या राजधानीतील, हाती लॅपटॉप असलेली मुले न्यायालयापर्यंत गेली ती कागदासाठी.

तेव्हा मंडळापुढे आमचे म्हणणे असे आहे. टॅब्लेट सर्रास वाटू नयेत. ज्याच्या शाखेला तो खरोखर लागतो, अथवा ज्याची दृष्टी अधू आहे, अशा मुलाने अर्ज करावा व त्याला तो अवश्य द्यावा; त्या अभियांत्रिकीच्या मुलाचा अर्ज आला तर शिफारस आम्ही करू. पुस्तकपेढी चालू ठेवावी, पण आहे तशी नव्हे. जुन्या अभ्यासक्रमाच्या प्रती काढून टाकाव्यात. त्या टाकताना जीव तुटेल, तरी टाकाव्यात. नवी पुस्तके कोणती घ्यावीत हे आम्हा म्हाताऱ्यांनी ठरवू नये. प्रत्येक शाखेच्या एका मुलीने व एका मुलाने जूनमध्ये यादी द्यावी. सभागृहामागच्या खोलीत एक छपाईचे यंत्र ठेवावे आणि नेमलेली प्रकरणे, विद्यापीठाचे अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका मुलांना केवळ कागदाच्या दामात छापून द्याव्यात. त्याच खोलीत दोन संगणक असावेत, म्हणजे ‘शोधगंगा’ कशी उघडावी, हवे ते कसे शोधावे आणि लेखकाचे नाव नसलेली पीडीएफ का टाळावी, हे मोठी मुले धाकट्यांना शिकवतील. समाजातील कोणाच्या घरी कोणती पुस्तके आहेत ह्याची एक वही करावी. ती वही करण्याचे काम आम्ही आजच पत्करतो. घरोघर जाण्याइतके पाय अद्याप चालतात.

खर्चाचा अंदाज खजिनदारांपाशी दिला आहे. टॅब्लेटच्या सूचनेपेक्षा तो अधिक नाही, परंतु टॅब्लेट एकदा घेऊन काम संपते आणि ह्यात दरवर्षी कोणाला तरी राबावे लागेल, ही अडचण आम्ही लपवीत नाही. गेली दोन वर्षे पुस्तकपेढी उघडण्यास माणूस मिळाला नाही, म्हणून तर ती ओस पडली आणि मुले वाचीत नाहीत असा आपण समज करून घेतला. रविवारी सकाळी दोन तास आणि परीक्षेच्या महिन्यात रोज संध्याकाळी खोली उघडी राहील, एवढी हमी कोणी तरुणाने घ्यावी. ती मिळणार नसेल तर आमची सूचना आजच फेटाळावी; बंद खोलीपेक्षा टॅब्लेट केव्हाही बरा.

खोलीच्या दोन किल्ल्या कराव्यात. एक अर्थातच मुलांकडे असावी. दुसरी कोणाकडे ठेवावयाची ते मंडळाने ठरवावे, आमच्याकडे मात्र ठेवू नये.